सिल्लेवानी घाटापलीकडचे कुलगुरू

सौंसरला पेपर सुटला की खरं काम सुरू होतं. उत्तरपत्रिका रोल नंबरप्रमाणे लावायच्या, गैरहजरांची यादी ताडून पाहायची, विषयवार गठ्ठे कापडात शिवायचे, गाठीवर लाख ओतून शिक्का मारायचा. एक आकडा जुळला नाही तर शिवण उसवून पुन्हा मोजायचं. हे काम मी जवळून पाहत आलो आहे. कुलगुरूपदाचं ओझं मला दीक्षान्त भाषणांपेक्षा या गठ्ठ्यांत जास्त कळतं.

गठ्ठे घाट चढून छिंदवाड्याला जातात. तिथलं विद्यापीठ २०१९ चं. १८५७ मध्ये जबलपूरला इंग्रजांनी मुलासह तोफेच्या तोंडी दिलेल्या गोंड राजा शंकर शाह यांचं नाव त्याला पुढे मिळालं. पसारा वैनगंगेकाठच्या बालाघाटापासून तापीच्या उगमाच्या मुलताईपर्यंत. कुलगुरूंच्या हाती चार वर्षं. नेमणूक राज्यपाल करतात, पदं शासन मंजूर करतं, आणि कारभार बिघडला तर १९७३ च्या विद्यापीठ कायद्याचं कलम ५२ लावून शासन त्यांना घरी बसवू शकतं. उत्तरदायी एकटे, अधिकार मात्र विभागलेले!

त्यात २०२१-२२ पासून नवं शिक्षण धोरण आलं. मुख्य विषय, गौण विषय, व्यावसायिक विषय, प्रकल्प. प्रकल्पाचे गुण महाविद्यालयाने पाठवायचे. ते राहिले की लेखी परीक्षेत उत्तम गुण असूनही मुलीचा निकाल अडतो, आणि पुढच्या वर्गाचा प्रवेशही.

१९४६ मध्ये हरिसिंग गौर यांनी मकरोनियाच्या लष्करी बराकींत सागर विद्यापीठ सुरू केलं, तेव्हा पदरची पुंजी ओतली. दिल्ली आणि नागपूर विद्यापीठांचा कारभार त्यांनी आधी सांभाळला होता. आजच्या कुलगुरूकडून तशा दातृत्वाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. वेळेवर निकालाची अपेक्षा मात्र रास्तच.

पांढुर्ण्याहून नागपूर थेट रेल्वेमार्गावर. अडलेल्या निकालासाठी छिंदवाड्याला जायचं तर बस धरून घाट चढावा लागतो. शेतमजुराच्या मुलीला त्या फेरीपायी घरच्या एका माणसाची मजुरीही बुडवावी लागते. पांढुर्णा २०२३ पासून जिल्हा आहे. कुलगुरूंनी इथे विद्यापीठाची एक खिडकी उघडावी, जिथे अडकलेला निकाल आणि गुणपत्रिकेतली चूक जागच्या जागी मार्गी लागेल. चार वर्षांत एवढं नक्की होऊ शकतं.