जुन्या गाडीतला अधूनमधून येणारा फॉल्ट कसा शोधायचा?

परवा इथे इंग्लंडमध्ये एका स्नेह्यांची जुनी एमजीबी पाहिली. ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही देखणी स्पोर्ट्स कार.

तक्रार अशी: खड्डा आला की इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि पेट्रोलचा काटा एकदमच बंद. पुढच्या धक्क्याला पुन्हा सुरू!

अशा वेळी पार्ट बदलत सुटू नका. आधी बघा, एकाच वेळी काय काय बंद पडतंय.

या गाड्यांत वायरींचे रंग ठरलेले असतात. तपकिरी कायम चालू, पांढरी इग्निशननंतर, हिरवी इग्निशननंतर पण फ्यूजमधून, काळी अर्थची. बंद पडणाऱ्या तिन्ही गोष्टी हिरव्या वायरवरच्या. म्हणून थेट फ्यूजबॉक्स उघडला.

फ्यूज शाबूत होता. मग ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि मल्टिमीटरची एक पिन फ्यूजच्या टोपीवर, दुसरी क्लिपच्या टर्मिनलवर लावली. इथे जवळजवळ शून्य व्होल्ट यायला हवेत. क्लिप बोटाने हलवली आणि आकडा उसळला. आतल्या बाजूला हिरवट गंज धरला होता. वयाचा परिणाम!

लक्षात ठेवा, मोजताना लोड चालू हवा. सांध्यात फक्त एक ओहम रोध असेल, तर ब्रेकलाइट लागताच दोन-तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. लोड नसेल तर मात्र सांध्याच्या पुढेही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि आपण फसतो.

उपाय सोपा: बॅटरीची वायर काढा, बारीक पॉलिश पेपरने क्लिप घासा, किंचित आवळून फ्यूज घट्ट बसवा.

तुमच्या जुन्या गाडीत असं काही होतंय? लक्षणं लिहा, मिळून शोधू.