दुसरी प्रत कुठे आहे?

गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी (1907–1966) यांची गणितावरची दोन पुस्तके वाचकांपर्यंत पोचलीच नाहीत. पथ-भूमितीवरचे हस्तलिखित त्यांनी 1940च्या दशकात अमेरिकी गणिती मार्स्टन मोर्स यांच्याकडे दिले होते, तर मूळ संख्यांवरचे मृत्यूच्या थोडे आधी प्रकाशनासाठी पाठवले होते. दोन्ही छापली गेली नाहीत आणि हस्तलिखितेही गेली. कार्बन कागद तेव्हाही मिळत होता!

आज प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी ‘3-2-1’ हा नियम आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो रूढ केला. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. वसईतल्या सातिवलीकरांनी शेवटचा आकडा विसरू नये. जुलै 2018च्या पावसात वसई-विरारमधल्या कित्येक वस्त्यांत पाणी शिरले होते. तळमजल्यावरच्या एकाच कपाटातला लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह अशा वेळी एकदमच भिजतात.

आपोआप जुळणाऱ्या ऑनलाइन फोल्डरवरही विसंबू नका. लॅपटॉपवर चुकून पुसलेले प्रकरण तिथूनही पुसले जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते 30 दिवस राहते, नंतर कायमचे जाते.