गुराख्यांचं सूप

सूप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हॉटेलातली वाटी येते. कॉर्नफ्लोअरने दाटवलेली, वर गाजराचे चार तुकडे. जेवणाआधी काहीतरी, एवढाच तिचा मान. पण सूप हेच पोटभर जेवण असावं, असा एक प्रकार मला आज सांगायचा आहे. तो आहे हंगेरीचा. जग त्याला ‘गूलाश’ म्हणतं, हंगेरियन माणूस ‘गुयाश’ म्हणतो. ‘गुया’ म्हणजे गुरांचा कळप आणि ‘गुयाश’ म्हणजे ती राखणारा गुराखी. माणसाचंच नाव पदार्थाला पडलं. हंगेरीबाहेर गूलाश म्हणून जो दाट रस्सा वाढतात, त्याला तिकडे ‘प्योर्कोल्त’ असं वेगळं नाव आहे. गुयाश पातळच असतं.

हे सूप मूळ गोमांसाचं. महाराष्ट्रात २०१५पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून इथे मी ते बोकडाच्या मटणाचं करते. पद्धत तीच. मटण कोणतं घ्यायचं, हा मात्र कळीचा प्रश्न. मऊ, महागाचं मांस इथे वाया जातं. पाहिजे ते पायाचं, नळीजवळचं, चिवट. जो अवयव दिवसभर चालतो, त्याच्या स्नायूंत कोलॅजेन नावाचं प्रथिन भरपूर असतं. ओलसर, मंद उष्णतेत तास-दोन तासांनी त्याचं जिलेटिन होतं आणि रश्श्यात उतरतं. ओठांना किंचित चिकटणारा जो दाटपणा येतो, तो या जिलेटिनचा. पीठ लावायची गरजच नाही. उलट मोठ्या आचेवर खळखळा उकळलंत, तर मांसाचे धागे आवळून रस बाहेर पडतो, मांस कोरडं होतं आणि सूप गढूळ.

पाच-सहा जणांसाठी अर्धा किलो मटण पुरे. दोन मोठे कांदे बारीक चिरून ते डुकराच्या चरबीवर परततात. आपण तेल घ्यावं. कांदा लाल करायचा नाही, नुसता पारदर्शक. मग भांडं विस्तवावरून खाली उतरवायचं आणि त्यानंतरच दोन मोठे चमचे पाप्रिका घालायची. का, ते तिखटाची फोडणी जळलेल्या घरात कुणालाही विचारा! पाप्रिकेत साखर असते. ती क्षणात करपते आणि सगळं कडू होतं. मिरची मूळची अमेरिकेची. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली, हंगेरीत तुर्कांच्या वाटेने. तिथे तिचा तिखटपणा मागे पडला आणि रंग, गोडवा राहिला. याच पाप्रिकेतून आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांनी सेगेद गावात ‘क’ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं केलं; १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. पाप्रिका नसेल तर बिया काढलेल्या ब्याडगीची पूड चालते, पण बेतानं.

त्यावर मटणाचे लहान तुकडे, लसणाच्या दोन पाकळ्या, अर्धा चमचा शहाजिरं, मीठ. थोडं पाणी घालून झाकण ठेवा आणि आच अगदी बारीक करा. बोकडाला सव्वा ते दीड तास लागतो, गोमांसाला दोन-अडीच. कुकरमध्ये लवकर होतं हे खरं. पण मध्येच चव पाहता येत नाही, म्हणून मला पातेलंच बरं वाटतं.

भाज्या मांस जवळजवळ शिजल्यावरच. आधी दीड लिटर गरम पाणी, मग गाजर आणि नवलकोल, दहा मिनिटांनी बटाटे, एक टोमॅटो, एक ढोबळी मिरची. सगळं एकदम टाकलं तर बटाट्याचा लगदा आणि गाजर कच्चं.

शेवटी ‘चिपेत्के’. एका अंड्यात मावेल तेवढा मैदा आणि मीठ घालून घट्ट मळायचं, नखाएवढे तुकडे चिमटीने तोडून उकळत्या सुपात सोडायचे. आपल्या वरणफळांचीच ही धाकटी भावंडं, पण न लाटता. ती पाच-सात मिनिटांत वर येतात. हंगेरियन लोक सोबत पाव आणि एखादी झणझणीत मिरची ठेवतात. ज्याला हवी त्याने आपल्या ताटलीत कुस्करून घ्यावी.