फौजी अंमल आणि गावचा कारभार

स्वराज्य म्हणजे दिल्लीत आपलं सरकार, एवढंच नव्हे. गावच्या विहिरीचा, रस्त्याचा, शाळेचा निर्णय कोण घेतो आणि त्याला जाब कोण विचारतो, यावरून स्वराज्य ओळखावं. या कसोटीवर आपल्या बीड जिल्ह्याचा एक जुना काळ लावून पाहू.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या फौजेनं शरणागती पत्करली आणि हैदराबाद संस्थानाचा, म्हणजे बीडचाही, कारभार मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाती आला. ते लष्करी राज्यपाल. निजाम नावापुरता गादीवर राहिला, हुकूम चौधरींचा. डिसेंबर १९४९ मध्ये वेल्लोडी या मुलकी अधिकाऱ्याकडे सूत्रं गेली. म्हणजे फौजी अंमल जेमतेम सव्वा वर्षाचा.

पण त्या सव्वा वर्षात मोठी कामं झाली. संस्थानातली सगळी गावं सरकारी, म्हणजे दिवाणी, नव्हती. सुमारे एक-दशांश मुलूख निजामाच्या खासगी मालकीचा होता. त्याला सर्फ-ए-खास म्हणत. शिवाय सहा हजारांहून अधिक गावं जहागीरदारांची. तिथं सारा जहागीरदार घेई, आणि मोठ्या जहागिरीत न्यायनिवाडाही त्याचाच. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारात विलीन झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द करणारा कायदा निघाला. जहागीरदारांना मोबदला ठरला, रयतेचा सारा सरकारात जमा होऊ लागला.

त्या काळाचं दुसरं अंगही झाकून ठेवू नये. रझाकारांच्या जुलमातून लोक सुटले हे खरं; पण पोलीस कारवाईच्या पाठोपाठ मराठवाड्यात अनेक निरपराध मुसलमानही मारले गेले. त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं केली. तिचा अहवाल कित्येक वर्षं दप्तरातच राहिला.

आता मुद्दा असा. जहागीर हुकमानं मोडता येते, पण पंचायत हुकमानं उभी राहत नाही. मोडायला एक सही पुरते. उभारायला मतदार लागतो, आणि निवडून दिलेल्याला पुन्हा मत मागायला यावं लागतं. जहागीरदार गेला, त्याच्या जागी तहसीलदार आला. तो न्यायी असेल. पण गावानं त्याला निवडलं नव्हतं, गाव त्याला काढूही शकत नव्हतं. प्रौढ मतदानाची पहिली विधानसभा निवडणूक १९५२ मध्ये झाली. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यायला १ मे १९६२ उजाडला.

शेजारचं उदाहरण घ्या. पाकिस्तानात जनरल अयूबखान यांनी १९५९ मध्ये ‘मूलभूत लोकशाही’ नावाची योजना आणली. गावागटांतून ऐंशी हजार सभासद निवडले गेले. वरवर पाहता ही पंचायतच. पण तहसील कौन्सिलचा प्रमुख सरकारी अधिकारी, जिल्हा कौन्सिलचाही तोच प्रकार. आणि याच ऐंशी हजारांच्या मतांवर अयूबखान यांनी १९६० मध्ये आपली सत्ता पक्की करून घेतली. गावानं राज्यकर्त्याला जाब विचारायचा, ते राहिलं बाजूला. राज्यकर्त्यानं गावाला आपल्या खुर्चीचा पाया केलं. १९६९ मध्ये ते गेले, आणि ती योजनाही कोसळली.

हे फक्त फौजेच्या राज्यात घडतं असं समजू नका. मार्च २०२२ मध्ये आपल्या राज्यातल्या बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. बीडही त्यात होतं. निवडणुका तीन वर्षांहून अधिक लांबल्या. चौधरींचा अंमल सव्वा वर्षाचा, हे आठवा. प्रशासक कामसू असेलही. पण आपल्या गटाचा रस्ता का राहिला, हे ज्याला उंबऱ्यावर उभं राहून सांगावं लागतं, असा सभासदच त्या काळात नव्हता.

म्हणून जे हाती आहे ते वापरावं. कायद्यानं वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. शिक्षकांनी ग्रामसभेची नोटीस वर्गात वाचून दाखवावी. पोरं ती घरी सांगतील. आणि सभेत जमाखर्च वाचला जाईल तेव्हा एकानं तरी उठून विचारावं, “हा पैसा कुठं गेला?”