अवकाशविज्ञान व अवकाशधोरण यांचे पदवीशिक्षण

पृथ्वीच्या वातावरणापलीकडील प्रदेशाचे भौतिक स्वरूप, तेथे पोहोचण्याची व काम करण्याची साधने आणि त्या प्रदेशाच्या वापराचे राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय नियमन यांचा पदवीच्या पातळीवर केला जाणारा एकत्रित अभ्यास. यांपैकी पहिली दोन अंगे विज्ञान व अभियांत्रिकी या शाखांत मोडतात. तिसरे अंग विधी, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांच्याशी निगडित आहे. बहुतेक विद्यापीठांत ही अंगे निरनिराळ्या विभागांत शिकविली जातात व त्यांचे विद्यार्थी एकमेकांना क्वचितच भेटतात. त्यामुळे अशा अभ्यासक्रमाची आखणी करताना विषयांच्या निवडीपेक्षा त्यांची सांगड घालणे हेच अधिक अवघड ठरते.

ऐतिहासिक आढावा : ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. पुढील वर्षीच संयुक्त राष्ट्रांनी अवकाशाच्या शांततामय वापरासाठी एक तात्पुरती समिती नेमली व १९५९ मध्ये ती कायम केली. या समितीच्या विचारविनिमयातून १९६७ चा बाह्य अवकाश करार, १९६८ चा अंतराळवीरांच्या सुटकेविषयीचा करार, १९७२ चा नुकसानभरपाईविषयक करार, १९७५ चा नोंदणी करार व १९७९ चा चंद्रविषयक करार असे पाच करार निष्पन्न झाले. भारत पहिल्या चार करारांचा सदस्य आहे. पाचव्यावर त्याने १९८२ मध्ये सही केली, परंतु त्यास अनुसमर्थन दिलेले नाही.

धोरणाचे अध्यापन प्रथम पदव्युत्तर पातळीवर रुजले. माँट्रिऑलच्या मॅगिल विद्यापीठात १९५१ मध्ये स्थापन झालेली हवाई विधी संस्था पुढे अवकाश विधीचे प्रमुख अध्ययनकेंद्र बनली. वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील अवकाशधोरण संस्था व आंतरराष्ट्रीय अवकाश विद्यापीठ ही दोन्ही १९८७ मधील होत. पदवीच्या पातळीवर मात्र दीर्घकाळ विज्ञानाचेच वर्चस्व राहिले. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात भौतिकीच्या पदवीला अवकाशविज्ञानाची जोड देण्यात आली, ती त्या विद्यापीठाच्या उपकरणनिर्मितीच्या परंपरेमुळे. अमेरिकेत फ्लॉरिडातील एम्ब्री-रिडल विमानविद्या विद्यापीठाने २०१३ मध्ये व्यावसायिक अवकाश परिचालनाची पदवी सुरू केली. तीत उड्डाणाचे तंत्र, परवाने व विमा हे विषय एकत्र आले.

अभ्यासाचे स्वरूप : विज्ञानाच्या बाजूस गणित, यामिकी, विद्युत् चुंबकत्व, कक्षीय गतिकी, वातावरण व आयनांबर यांची भौतिकी, सुदूर संवेदन आणि संदेशवहन हे विषय येतात. धोरणाच्या बाजूस आंतरराष्ट्रीय करार, रेडिओ कंप्रतांचे वाटप, माहितीच्या वितरणाचे नियम, निर्यातनियंत्रण आणि शासकीय खर्चाचे मूल्यमापन यांचा समावेश होतो. या दोन याद्या शेजारीशेजारी ठेवल्याने अभ्यासक्रम तयार होत नाही. दोहोंचा संबंध उदाहरणांतूनच स्पष्ट होतो व त्यासाठी कक्षेची उंची ही एकच राशी पुरेशी आहे.

विषुववृत्ताच्या प्रतलात, सुमारे ३५,७८६ किमी. उंचीवर पूर्वेकडे फिरणाऱ्या उपग्रहाचा आवर्तकाल पृथ्वीच्या परिवलनकालाइतका, म्हणजे २३ तास ५६ मिनिटे, असतो. केप्लर यांच्या तिसऱ्या नियमावरून ही उंची पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही काढता येते. असा उपग्रह पृथ्वीवरून स्थिर दिसतो, म्हणून संदेशवहनास तो सोयीचा ठरतो. परंतु अशी कक्षा एकच असल्याने तीतील जागा मर्यादित आहेत. १९७६ मध्ये कोलंबिया, एक्वादोर, केन्या, इंडोनेशिया इ. विषुववृत्तीय राष्ट्रांनी बोगोटा येथे एक घोषणापत्र काढून आपल्या भूमीच्या वरील कक्षाभागावर सार्वभौमत्वाचा हक्क सांगितला. ही कक्षा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे अस्तित्वात येते, सबब ती अवकाशाचा भाग नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे गुरुत्वाकर्षण संपूर्ण पृथ्वीचे असते, केवळ खालच्या देशाचे नव्हे, हे उत्तर भौतिकी देते. अवकाशाचा कोणताही भाग कोणत्याही राष्ट्रास स्वतःचा म्हणता येत नाही, हे उत्तर १९६७ च्या कराराचे दुसरे कलम देते. तथापि जो आधी पोहोचेल त्यालाच चांगली जागा मिळावी काय, हा त्या राष्ट्रांचा मूळ प्रश्न यांपैकी कोणत्याच उत्तराने सुटत नाही. विद्यार्थ्यास येथवर आणून सोडणे हेच अध्यापकाचे काम होय.

दुसरे उदाहरण अवकाशातील कचऱ्याचे आहे. चीनने जानेवारी २००७ मध्ये सुमारे ८६० किमी. उंचीवर स्वतःचा एक निकामी उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्याचे मागोवा घेता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले व त्यांतील पुष्कळसे दशकानंतरही कक्षेत होते. भारताने २७ मार्च २०१९ रोजी अशीच चाचणी सुमारे ३०० किमी. उंचीवर घेतली. तेथे विरळ का होईना, वातावरणाचा रोध असतो. त्यामुळे बहुतेक तुकडे अल्पावधीत खाली येऊन जळाले, काही मात्र आघाताने अधिक उंचीवर फेकले गेले. रोधाचे समीकरण न शिकता या दोन चाचण्यांची तुलना करणारा निबंध पोकळ होतो. समीकरण शिकून करार न वाचणाऱ्याला, अशा चाचण्यांवर सरसकट बंदी घालणारा नियम या पाच करारांत नाही, याचा पत्ताच नसतो.

उत्तरदायित्वाच्या प्रश्नासाठी कॉसमॉस-९५४ चे प्रकरण सर्वत्र शिकविले जाते. अणुकेंद्रीय विक्रियक असलेला हा सोव्हिएट उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये कॅनडाच्या वायव्य प्रदेशात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनडियन डॉलर मागितले. १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. भूपृष्ठावरील हानीस प्रक्षेपक राष्ट्र पूर्णतः जबाबदार असते, तर अवकाशात झालेल्या हानीच्या बाबतीत दोष सिद्ध व्हावा लागतो, हा भेद विद्यार्थी येथे शिकतो.

भारतातील स्थिती : भारतात अवकाशविज्ञान प्रामुख्याने पदव्युत्तर विषय म्हणून वाढले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील वातावरण व अवकाशविज्ञान विभागाकडे विद्यार्थी सामान्यतः भौतिकी वा गणितातील पदवी घेऊन येतो. पदवीच्या पातळीवरील प्रमुख प्रयत्न म्हणजे १४ सप्टेंबर २००७ रोजी अवकाश विभागाने केरळमध्ये सुरू केलेली भारतीय अवकाशविज्ञान व तंत्रविद्या संस्था. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे तिचे पहिले कुलपती. आरंभी ती थुंबा येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्राच्या आवारात होती. नंतर ती तिरुवनंतपुरमजवळील वलियमला येथे गेली. सुरुवातीच्या तुकड्यांचा शिक्षणखर्च शासनाने उचलला व त्या बदल्यात पदवीनंतर अवकाश विभागात ठरावीक वर्षे सेवेची अट घातली. संस्थेच्या विद्यार्थ्यांचा व अध्यापकांचा सहभाग असलेला इन्स्पायरसॅट-१ हा उपग्रह १४ फेब्रुवारी २०२२ रोजी कक्षेत गेला.

सेवेच्या या अटीचा अभ्यासक्रमावरही परिणाम झाला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पदवीधर एकाच शासकीय विभागात जाणार असेल, तर परवाने, विमा वा नुकसानभरपाई यांचा विचार त्याच्या वरिष्ठांनी करावा हे स्वाभाविक मानले जाते. ही परिस्थिती २०२० नंतर बदलली. त्या वर्षी खाजगी उद्योगांना परवानगी देणारे स्वतंत्र केंद्र जाहीर झाले आणि २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणाने संशोधन, परवाने व व्यापार या जबाबदाऱ्या वेगवेगळ्या संस्थांकडे सोपविल्या. अग्निबाणाचे इंजिन बनविणाऱ्या छोट्या उद्योगातील अभियंत्यास आता स्वतःच अर्ज भरावा लागतो. धोरण म्हणजे कायदा नव्हे, हेही त्याला ठाऊक असावे लागते.

विधी महाविद्यालयांतून या विषयाकडे वळणारे विद्यार्थी बहुधा अभिरूप न्यायालयाच्या वाटेने येतात. मान्फ्रेट लाख्स यांच्या नावाने १९९२ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारतीय संघ भाग घेतात. तिच्या अंतिम फेरीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश परीक्षक असतात.

विद्यार्थ्यांचे उपग्रह : औपचारिक अभ्यासक्रम नसतानाही विज्ञान व धोरण यांची गाठ येथे पडते. महाराष्ट्रातील दोन उपग्रह २०१६ मध्ये कक्षेत गेले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ हा सुमारे १ किग्रॅ. वजनाचा उपग्रह २२ जून रोजी सोडण्यात आला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने दिशा राखणे व हौशी रेडिओचे संदेश साठवून पुढे पाठविणे हे त्याचे उद्देश होते. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचा ‘प्रथम’ हा सुमारे १० किग्रॅ. वजनाचा उपग्रह २६ सप्टेंबर रोजी आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची गणना करण्यासाठी गेला. अशा उपग्रहांस काही वर्षे लागतात. आरंभ करणारी तुकडी पदवी घेऊन निघून जाते व प्रक्षेपण पाहते ती निराळीच तुकडी. विद्युत् मंडल बनविण्याबरोबरच रेडिओ कंप्रतेचा आंतरराष्ट्रीय समन्वय साधणे व केंद्र शासनाची बिनतारी अनुज्ञप्ती मिळविणे ही कामेही विद्यार्थ्यांना समजून घ्यावी लागतात. उपग्रह कक्षेत गेल्यावर त्याची नोंद संयुक्त राष्ट्रांकडे करण्याचे काम मात्र राष्ट्राचे असते, महाविद्यालयाचे नव्हे.