गांधीहत्येचा तपास: दोन दप्तरे आणि मधले दहा दिवस

गांधीहत्येमागे कोण कोण होते आणि काय दडवले गेले, याचा शोध मुख्यतः दोन दप्तरांतून घ्यावा लागतो. पहिले लाल किल्ल्यातील खटल्याचे. त्याचा निकाल न्या. आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी दिला. दुसरे न्या. जीवनलाल कपूर आयोगाचे. नोव्हेंबर १९६४ मध्ये, कटातील शिक्षा भोगून सुटलेल्या गोपाळ गोडसे यांच्यासाठी पुण्यात झालेल्या कार्यक्रमात ग. वि. केतकरांनी मारेकरी नथुराम गोडसेचा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता असे सांगितले. त्यावरून गदारोळ उठला आणि सरकारला आयोग नेमावा लागला. आयोगाने १०१ साक्षीदार तपासले.

हातात घेण्याचा पहिला धागा २० ते ३० जानेवारी १९४८ या दहा दिवसांचा. २० तारखेला बिर्ला भवनात स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागीच सापडला. त्याच्या बोलण्यात एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. दिल्लीच्या मरिना हॉटेलात कटवाल्यांनी मागे टाकलेल्या कपड्यांवर धोब्याची खूण होती: एन. व्ही. जी., म्हणजे नथुराम विनायक गोडसे. मुंबईत २१ तारखेला रुईया कॉलेजचे प्रा. जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालकडून ऐकलेले सारे मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानावर घातले. मोरारजींनी ते मुंबई पोलिसांचे उपायुक्त नगरवाला यांना सांगितले. संपादकाचे, म्हणजे नथुरामचे, नाव काढायला सरकारी दप्तरातली वृत्तपत्रांची नोंद पाहणे पुरेसे होते.

ती पाहिली गेली नाही. नगरवाला गांधीजींच्या अपहरणाचा कट आहे या तर्कामागे लागले. पुण्याच्या गुप्तचर विभागाचे उपमहानिरीक्षक राणा दिल्लीत होते. मदनलालच्या जबाबाची प्रत घेऊन ते विमानाने न येता अलाहाबादमार्गे रेल्वेने मुंबईला आले. दिल्लीहून आलेल्या पोलिसांनी संपादकाबद्दल मुंबईला सांगितले की नाही, यावर दोन्ही बाजूंच्या साक्षी परस्परविरोधी आहेत. इथे अभ्यासकाने घाई करू नये. कागद कधी लिहिला गेला, कोणी पाहिला, केस डायरीत त्याची नोंद त्याच दिवसाची आहे का, हे तपासल्याशिवाय ढिलाईला कारस्थान म्हणता येत नाही. ही ढिलाई अक्षम्य होती, हे मात्र दप्तरातून स्वच्छ दिसते.

संशयितांमध्ये सर्वाधिक वाद हिंदू महासभेचे नेते वि. दा. सावरकर यांच्याबद्दल आहे. खटल्यात त्यांच्याविरुद्धचा भार माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या जबानीवर होता. नथुराम आणि त्याचा साथीदार आपटे सावरकर सदनात वर गेले तेव्हा तो स्वतः खाली होता. त्याच्या जबानीला स्वतंत्र पुष्टी मिळाली नाही, म्हणून न्यायालयाने सावरकरांना निर्दोष सोडले. सरकारने त्यावर अपील केले नाही. त्यांचे अंगरक्षक अप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांचे जबाब पोलिसांनी मार्च १९४८ मध्येच घेतले होते, तरी दोघांनाही साक्षीला उभे केले गेले नाही. ते का, हा खरा प्रश्न आहे, आणि दडपणुकीच्या चर्चेत तो हवा तितका विचारला जात नाही. कपूर आयोगाने हे जबाब विचारात घेतले आणि एकत्रित वस्तुस्थिती पाहता सावरकर व त्यांच्या गटाच्या कटाखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही असा अभिप्राय दिला.

हे दोन निष्कर्ष एकाच तागडीत तोलता येत नाहीत. आयोगाचे मत न्यायालयावर बंधनकारक नसते, त्यातून कोणी दोषी ठरत नाही. शिवाय सावरकरांचे निधन २६ फेब्रुवारी १९६६ रोजी झाल्याने त्यांना कपूर आयोगापुढे उत्तर देण्याची संधीच नव्हती. दुसरीकडे, न्यायालयातील निर्दोष सुटका पुरावा अपुरा पडल्यावरून झाली. या दोन्ही दप्तरांनंतरही, नथुरामच्या तीन गोळ्यांखेरीज 'चौथी गोळी' आणि दुसरा मारेकरी असल्याचा दावा पुढे आला. त्या आधारे फेरतपासाची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये फेटाळली.