घोटाआधीची फाईल

नाशिकमध्ये वाईन चाखण्याचा कार्यक्रम भरवायचा म्हटलं, की पहिला हेलपाटा राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयाचा. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. मुळात मनाई आणि परवान्यापुरती सूट, अशी त्याची रचना.

गेल्या हिवाळ्यात अशा एका तयारीत मी आयोजकांबरोबर हिंडलो. ‘वाईन फुकट देतोय, तीही घोटभर, मग परवाना कशाला?’ असा प्रश्न नवख्यांना पडतोच. पण हा कायदा विक्रीवर थांबत नाही. दारू बाळगणं, नेणं, पिणं, सगळ्याचीच तो दखल घेतो. म्हणून एक दिवसाचा एफएल-४ए परवाना. फाईलमध्ये जागामालकाचं संमतीपत्र, पोलिसांचा ना हरकत दाखला, कार्यक्रमाची वेळ आणि ठिकाण.

तारीख ठरवतानाच ड्राय डे पाहून घ्यावे लागतात. २ ऑक्टोबर सगळ्यांना ठाऊक असतो. निवडणूक विसरली जाते: मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास त्या मतदारसंघात दारू विकता किंवा वाटता येत नाही. जाहिरातीचा मजकूरही जपून लिहावा लागतो, कारण मद्याच्या जाहिरातीला याच कायद्यानं मनाई केली आहे.

बाटल्या परवानाधारक विक्रेत्याकडून, बिलासकट घ्यायच्या. गोव्याहून स्वस्तात आणलेली बाटली इथे चालत नाही, कारण तिच्यावर महाराष्ट्राचं शुल्क भरलेलं नसतं. चीज आणि खाण्याच्या स्टॉलला अन्नसुरक्षा नोंदणी हवी. उघड्या लॉनवरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद.

दारावरचं टेबल मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. वाईनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, म्हणून तिथली मुलगी प्रत्येकाचं ओळखपत्र पाहत होती, पांढऱ्या केसांच्या गृहस्थांचंसुद्धा. आत प्रत्येक टेबलावर घोट थुंकायला भांडं होतं आणि गेटवर भाड्याच्या गाड्या उभ्या होत्या. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. सहा-सात वाईन चाखणाऱ्याला आपण ती मर्यादा कधी ओलांडली, हे कळतही नाही. गाड्यांची सोय परवान्याच्या अर्जात कुणी मागितली नव्हती. आयोजकांनी ती स्वतःहून केली.

यातली एकही अट मला फालतू वाटली नाही. प्रत्येकीमागे कुणाचा तरी जीव, झोप किंवा महसूल आहे. अडचण वेगळीच आहे: या अटी निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरल्या आहेत. मोठ्या वायनरीकडे त्यासाठी माणसं असतात. दिंडोरीच्या छोट्या उत्पादकाला द्राक्षांची छाटणी सोडून फेऱ्या माराव्या लागतात. २००१मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणणाऱ्या शासनानं एवढं तरी करावं. सगळ्या परवानग्यांची एकच यादी, मराठीत, शुल्क आणि मुदतीसह, एकाच खिडकीवर लावावी. नियम समजले तर पाळणारे वाढतील.